उसनी चाल

सिंधुदुर्गातल्या भजनाविषयी जाणत्या माणसांत बोलणे निघाले की एक तक्रार हमखास पुढे येते. डबलबारीने भजनाचा बाजार केला, अशी ती तक्रार. ती करणारा गृहस्थ पुष्कळदा स्वतः टाळकरी असतो, आणि डबलबारीच्या रात्री पहाटेपर्यंत जागा धरून बसलेलाही असतो; तरी पांडुरंगाच्या नावाला सिनेमाची चाल लागलेली त्याच्या मनाला टोचत राहते. या टोचणीची दखल समीक्षेने घ्यावी तशी घेतलेली नाही. दशावतारावर लिहिले गेले, कारण त्यात नाटकाचे मूळ शोधता येते. भजन मात्र संतवाङ्मयाच्या अभ्यासात निव्वळ संहिता म्हणून उरले, आणि संगीतसमीक्षेच्या लेखी ते कधी पुरेसे शास्त्रोक्त ठरले नाही. या दोन दुर्लक्षांच्या फटीत डबलबारी उभी आहे, आणि ती चांगली धडधाकट आहे.

देवगडपासून सावंतवाडीपर्यंत वाडीवाडीवर भजनमंडळे आहेत. चतुर्थीच्या दिवसांत मंडळ रात्री घरोघर फिरते. प्रत्येक घरच्या गणपतीपुढे थोडा वेळ भजन, मग चहा, उसळ, आणि पुढचे घर. मंदिरात सप्ताह बसला की नाम खंडता कामा नये, म्हणून वाड्या पाळीपाळीने उभ्या राहतात. 'बारी' या शब्दाचा साधा अर्थही पाळी, खेप असाच आहे. डबलबारीत दोन बुवा आपापल्या मंडळांसह एकाच रात्री समोरासमोर बसतात. पेटी बुवाच्या स्वतःच्या हाताखाली, शेजारी पखवाज, मागे टाळ-झांजा घेतलेला कोरस. एकाची बारी झाली की दुसऱ्याची. पहिला बुवा पुराणातले एखादे कोडे टाकतो, दुसरा ते सोडवतो किंवा सोडवल्याचा आव आणतो. मधूनमधून एकमेकांना टोमणे मारले जातात, तेही चालीत. सप्ताहात जी पाळी सेवेची होती ती येथे सामन्याची झाली. शब्द तोच राहिला. त्यातला सहकार जाऊन त्या जागी स्पर्धा आली. तक्रार करणाऱ्याने खरे तर येथे थबकायला हवे होते. तो थबकतो सिनेमाच्या चालीपाशी.

ही तक्रार एकट्या कोकणाची नाही. अमेरिकेतल्या काळ्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या गॉस्पेल गायनात ती एकदा फार मोठ्याने झाली. सॅम कुक (१९३१–१९६४) हा धर्मोपदेशकाचा मुलगा. विशीच्या उंबरठ्यावर तो 'सोल स्टरर्स' या नामवंत गॉस्पेल गायकवृंदाचा प्रमुख गायक झाला आणि प्रार्थनामंदिरे भरभरून वाहू लागली. १९५६च्या अखेरीस त्याने एक गाणे ध्वनिमुद्रित केले. देवाची थोरवी गाणारे 'वंडरफुल' हे त्या वृंदाचेच गीत होते. थोडे शब्द बदलून ते 'लव्हेबल' झाले, आणि देवाच्या जागी प्रेयसी आली. तबकडीवर गायकाचे नाव 'डेल कुक' असे छापले गेले. भाविक श्रोते दुखावू नयेत हा त्यामागचा हेतू. पण नाव बदलले तरी गळा बदलत नाही, आणि तो गळा सर्वांच्या ओळखीचा होता. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, 'यू सेंड मी' या गाण्याने तो देशभर पोहोचला. रे चार्ल्सने हीच वाट १९५४ मध्ये चोखाळली होती. उलट महालिया जॅक्सनने ब्लूज गाण्यास आयुष्यभर नकार दिला. या नव्या लौकिक संगीताला पुढे नाव पडले 'सोल', म्हणजे आत्मा. देहाच्या प्रेमगीतांना आत्म्याचे नाव मिळावे, हा विनोद मराठी वाचकाला सहज कळेल. आपल्याकडेही विराण्या आणि गौळणी आहेत.

या कथेला एक पूर्वकथा आहे, आणि ती सांगितल्याशिवाय तिच्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे. ज्याला आधुनिक गॉस्पेलचा जनक म्हणतात तो टॉमस डॉर्सी तरुणपणी 'जॉर्जिया टॉम' या नावाने ब्लूज वाजवीत असे. १९३२ मध्ये बाळंतपणात त्याची पत्नी गेली, पाठोपाठ ते मूलही गेले. त्या दुःखातून त्याने रचलेले प्रार्थनागीत आज जगभर गायिले जाते. पण आरंभी कित्येक प्रार्थनामंदिरांनी त्याला दार उघडले नव्हते, कारण त्याच्या चालींना गुत्त्याचा वास येतो असे तेथील वडीलधाऱ्यांना वाटे. म्हणजे सॅम कुकने जे सूर मंदिराबाहेर नेले असे मानले गेले, ते एका पिढीपूर्वी बाहेरूनच आत आलेले होते. देवघरातली समई बाजारातूनच विकत आणलेली असते. ती कधी आणली याचा घरच्यांना विसर पडलेला असतो, इतकेच.

मात्र साम्य येथे संपते, आणि खरा विचार फरकाचा करावा लागतो. कुकच्या गाण्यात स्वर तोच, लकबी त्याच, संबोधन बदलले: 'तू' म्हणजे देव होता, तो 'तू' म्हणजे प्रेयसी झाली. डबलबारीत नेमके उलटे घडते. संबोधन तसेच राहते, विठ्ठल विठ्ठलच राहतो. चाल मात्र बाहेरून येते. त्यामुळे बुवाला टोपणनाव घ्यावे लागत नाही. तो मंदिर सोडत नाही. बाजारच पायताण बाहेर काढून आत येतो. कुकपुढे दोन संस्था होत्या, प्रार्थनामंदिर आणि तबकडीचा धंदा. एकीकडून दुसरीकडे जाणे म्हणजे एक दार मागे बंद होणे. बुवापुढे असे दार नाही. तो सकाळी आरतीला असतो, रात्री बारीला असतो, आणि दोन्हीकडे 'बुवा' या एकाच नावाने ओळखला जातो. अमेरिकेतल्या कथेत पतनाची भाषा शोभून दिसते, कारण तेथे सीमा ओलांडणारा माणूस डोळ्यांना दिसतो. येथे सीमा माणसाच्या पायाखाली नाही, गाण्याच्या आत आहे.

मराठीने या व्यवहारासाठी जो शब्द घडवला तो मोठा अर्थपूर्ण आहे. सुरावटीला मराठी माणूस 'चाल' म्हणतो. चाल म्हणजे चालण्याची ढब. चाल लावतात, बांधतात, उचलतात. 'अमक्या पदाच्या चालीवर' असे छापील पदसंग्रहांतून शीर्षस्थानीच लिहिलेले असे. शब्द एकाचे आणि चालण्याची ढब दुसऱ्याची, ही गोष्ट या भाषेने कधी लपवली नाही. एकनाथांनी (१५३३–१५९९) जोशी, वासुदेव, गोंधळी, महारीण यांची बोलण्या-गाण्याची ढब घेऊन भारुडे रचली, तेव्हा त्यांनी हेच केले होते. रस्त्यावर जे ऐकू येते ते अध्यात्माच्या कामाला लावायचे, ही वारकरी परंपरेची जुनी हातोटी आहे. विसाव्या शतकात ही देवघेव रंगभूमीमार्फत झाली. 'संत कान्होपात्रा' (१९३१) या नाटकात बालगंधर्वांनी अभंग गायिले, मास्तर कृष्णरावांनी त्यांना चाली दिल्या, आणि त्या चाली भजनी मंडळांनी अशा उचलल्या की आज त्या रंगभूमीच्या आहेत असे सांगितले तर नव्या टाळकऱ्याला खरे वाटणार नाही. गणिकेच्या मुलीने विठ्ठलाच्या पायाशी आसरा घेतल्याची ती कथा. तिचे अभंग नाट्यगृहात गेले आणि नाट्यसंगीत होऊन देवळात परतले.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मलेल्या नारायण वामन टिळकांचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ख्रिस्तावर अभंग रचले. मिशनच्या उपासनेत त्या वेळी परक्या सुरावटींवर बेतलेली मराठी गीते चालत. टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही देशी वाहने तेथे आणली. येथे ढब वारकऱ्याची आणि संबोधन बदललेले. तत्त्वतः हा सॅम कुकचाच प्रकार, पण दिशा अशी की त्याला कोणी पतन म्हणू नये. म्हणजे चाल कायम ठेवून शब्द बदलणे किंवा शब्द कायम ठेवून चाल बदलणे, यांपैकी कोणतीही क्रिया स्वतः पवित्र वा अपवित्र नसते. ती कोणासमोर, कोणत्या क्रमाने आणि कशासाठी घडते यावर सारे अवलंबून असते. डबलबारीविषयीचा वाद याच तीन प्रश्नांवर व्हायला हवा.

आधी ऐकणाऱ्याचा विचार करू. गजर सुरू होतो; पहिल्या दोन स्वरांतच श्रोत्यांत हालचाल होते. मूळ गाणे कोणते हे कळलेले असते. आता कानावर विठ्ठलाचे नाव पडते, आणि मनात त्याच वेळी नायक-नायिकेचे शब्द उमटत असतात. बाख्तिनने ज्याला द्विस्वरी शब्द म्हटले तो हाच: एका उच्चारात दोन आवाज, एकाने दुसऱ्याला पुरते गिळलेले नाही. तक्रार करणाऱ्याचे म्हणणे असे की सिनेमाचे शब्द नामाला झाकून टाकतात. कधी टाकतातही. बुवा कच्चा असला तर चाल शब्दांना ओढत नेते. ऱ्हस्वाचे दीर्घ होते, यती भलत्या ठिकाणी पडते, आणि 'पांडुरंग' हा शब्द 'पां' आणि 'डुरंग' असा मोडून पडतो. असा गजर ऐकणे ही शिक्षा आहे. पण जाणता बुवा अशी चाल निवडतो की मूळ गाण्यातली आर्तता जागच्या जागी नामाला मिळावी. मग श्रोत्याच्या चेहऱ्यावर हसू येते, आणि ते हसू थट्टेचे नसते. ज्या गाण्यावर आपण तारुण्यात भाळलो त्याचा आपल्याला असाही उपयोग होता, हे अचानक उमगल्याचे ते असते. भक्तीच्या मराठी परंपरेने शृंगाराला कधी घराबाहेर काढलेले नाही. गौळण हा रचनाप्रकार त्याला साक्षी आहे.

गौळणीचा उल्लेख सहज आला असला तरी तिचे स्थान महत्त्वाचे आहे, आणि येथे क्रमाचा प्रश्न उभा राहतो. बारीची रचना मनाला येईल तशी नसते. आधी स्तवन, मग रूपावली, म्हणजे देवाच्या सगुण रूपाचे वर्णन; मग अभंग; मग गौळण; आणि नंतर गजर. रूपावलीत आणि अभंगात बुवाची परीक्षा होते ती रागाच्या जाणकारीची, पखवाजाशी असलेल्या नात्याची, शब्दोच्चाराची. तेथे मोकळीक कमी. गौळणीत ती वाढते: कृष्ण, यमुना, दह्याची मडकी, खोडकरपणा. गजरात ती पूर्ण सुटते. अशा रीतीने बारी वरून खाली, गाभाऱ्यातून अंगणात आणि अंगणातून जत्रेत उतरत येते. सिनेमाची चाल येते ती या उताराच्या तळाशी. रूपावलीच्या जागी ती आणणाऱ्या बुवाला जुने श्रोते माफ करीत नाहीत. गावठी म्हणून हिणवल्या गेलेल्या या प्रकाराला रूपबंधाचे भान आहे, आणि ते कोणा पंडिताने शिकवलेले नाही. देशीवादाची चर्चा मराठीत कादंबरीभोवती पुष्कळ घोटाळली. परक्या सामग्रीला आपल्या क्रमात नेमकी जागा देणारी ही रात्र तिच्या नजरेतून निसटली, याचे नवल वाटते.

कोणासमोर, या प्रश्नाचे उत्तर मुंबईत सापडते. गिरणगावातल्या चाळींत कोकणातला चाकरमानी एका खोलीत गाववाल्यांबरोबर दाटीवाटीने राहत असे; कुटुंब गावी, जेवण खानावळीत, सुट्टी चतुर्थीला किंवा शिमग्याला. भजनमंडळ ही त्याची करमणूक होती, तालीम होती आणि गावाशी बांधलेली दोरीही होती. पण गावच्या देवळात जो टाळ घेऊन उभा राहायचा तो मुंबईच्या नाट्यगृहात तिकीट काढून खुर्चीत बसला. परळच्या दामोदर नाट्यगृहासारख्या कामगारवस्तीतल्या रंगमंचावर डबलबाऱ्या लागल्या, जाहिराती झाल्या, बुवांच्या नावामागे सम्राट, महर्षी अशी बिरुदे आली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला; सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि पुष्कळांच्या बाबतीत तो संप कधी संपलाच नाही. किती तरी माणसे गावी परतली. परतताना त्यांनी ट्रंकेबरोबर मुंबईचे कानही आणले असणार. त्याच दशकात ध्वनिफीत स्वस्त झाली, आणि जे एका रात्रीचे होते ते एसटी स्टँडवरच्या टपरीत दुपारी बारा वाजता वाजू लागले.

नाट्यगृहातल्या खुर्चीने जे केले त्याची नोंद कमी घेतली जाते. भजनात ऐकणारा आणि गाणारा यांच्यात भिंत नसते. बुवाने ओळ टाकली की ती समूहाने झेलायची असते, आणि झेलणाऱ्यांत देवळातला प्रत्येक जण येतो. तिकीट काढलेला श्रोता झेलीत नाही, तो दाद देतो. झेलण्याचे काम कोरसवर सोपवले जाते, आणि कोरस दिवसेंदिवस अधिक तयारीचा, अधिक सफाईचा होत जातो. चाल कोठून आली यापेक्षा ही घटना फार गंभीर आहे. गॉस्पेलमध्येही धक्का येथेच बसला होता: प्रार्थनामंदिरात गायकाच्या प्रत्येक आरोळीला लोकांतून प्रतिसाद उठत असे, तबकडीवर तो प्रतिसाद वेतन देऊन आणलेल्या साथीदारांकडून घ्यावा लागला. ॲरेथा फ्रँकलिन या धर्मोपदेशकाच्या मुलीने लौकिक संगीतात कीर्तीचे शिखर गाठल्यावर, १९७२च्या जानेवारीत, पुन्हा गॉस्पेल गायचे ठरवले. तेव्हा ती ध्वनिमुद्रणगृहात न जाता लॉस एंजेलिसच्या एका प्रार्थनामंदिरात गेली आणि भाविकांच्या साक्षीने दोन रात्री गायिली. सूर तिच्यापाशी होतेच. कमतरता प्रतिसादाची होती.

आज भ्रमणध्वनीवर डबलबारीचे तुकडे फिरतात. तुकडा असतो तो गजराचा, नाहीतर टोमण्याचा. रूपावली कोणी कापून पाठवीत नाही. ज्या उतारावर गजराला अर्थ होता तो उतार कापला गेला, आणि उरली ती जत्रा. गाभारा नाही, अंगण नाही. पुण्यात किंवा दुबईत बसलेल्या तरुणाला भजन म्हणजे हेच, असे वाटले तर दोष त्याचा नाही. सामने तिरंगीही होऊ लागले आहेत. तीन बुवा एकाच रात्री म्हटल्यावर प्रत्येकाची बारी आखडणार, आणि आखडताना काय गळणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्या तक्रारखोर टाळकऱ्याचे दुःख खरे आहे. फक्त त्याने बोट चालीवरून उचलून कात्रीवर ठेवायला हवे.

चालीबद्दलचा त्याचा राग निवावा असे एक उदाहरण त्याच्याच जिल्ह्यात आहे. संगीतकार वसंत देसाई (१९१२–१९७५) कुडाळ भागातल्या सोनवडे गावचे. 'प्रभात'मध्ये ते घडले आणि पुढे शांतारामबापूंच्या 'राजकमल'साठी त्यांनी 'झनक झनक पायल बाजे' (१९५५), 'दो आँखे बारह हाथ' (१९५७) अशा चित्रपटांना संगीत दिले. 'दो आँखे बारह हाथ'मध्ये खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी आहेत, आणि त्यात एक प्रार्थना आहे, भरत व्यासांनी लिहिलेली, लता मंगेशकरांनी गायिलेली. ती पडद्यावरून उतरली आणि देशभरच्या शाळांच्या सकाळच्या रांगांत जाऊन उभी राहिली. 'गुड्डी' (१९७१) या चित्रपटातल्या, गुलजारांनी लिहिलेल्या प्रार्थनेचेही तेच झाले, संगीतकार तेच. एका धंदेवाईक माध्यमासाठी मोबदला घेऊन बांधलेल्या दोन चाली प्रार्थना होऊन बसल्या, आणि ती म्हणणाऱ्या मुलांना आपण सिनेमाचे गाणे गातो आहोत याचा पत्ताही नसतो. येथे द्विस्वर उरलेला नाही. मूळ आवाज विरून गेला आहे. सिनेमाची चाल देवाला चालत नाही म्हणणाऱ्याने एकदा सोनवड्याकडे पाहावे. डबलबारीतही हे घडतच असते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे चित्रपट विस्मरणात जातात, त्यांच्या चाली बुवांच्या पेटीत राहतात, आणि आजच्या मुलाला ते मूळ गाणे कुठे ऐकू आले तर तो म्हणतो, ही तर आमच्या भजनाची चाल.

एवढ्यावर थांबले तर चित्र फारच समंजस होईल. मंदिर आणि बाजार यांच्यातली ही ये-जा सर्वांना सारखी खुली कधीच नव्हती, आणि तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात उतरले की ते ढळढळीत दिसते. कलावंत घराण्यांतल्या स्त्रिया देवापुढे गात, ते हक्काने कमी आणि बांधिलकीने अधिक. त्यांच्यासाठी मंदिर सोडणे ही पडझड नव्हती, सुटका होती. केसरबाई केरकर (१८९२–१९७७) आणि मोगूबाई कुर्डीकर (१९०४–२००१) देवळाच्या आणि नाटकमंडळ्यांच्या परिसरातून निघून ख्याल गायनाच्या शिखरावर पोहोचल्या. त्यांनी देवाला सोडले असा आरोप आज कोणी करणार नाही, पण ज्या काळी त्या निघाल्या त्या काळी त्यांना कोणकोणती विशेषणे ऐकावी लागली असतील याची कल्पना करता येते. अलीकडच्या तीरावर सावंतवाडीच्या हिराबाई पेडणेकरांनी गाण्याबरोबर लेखणी धरली. 'जयद्रथ विडंबन' (१९०४) आणि 'संगीत दामिनी' (१९१२) लिहिणाऱ्या या पहिल्या मराठी स्त्री-नाटककाराचे उत्तरायुष्य रंगभूमीपासून दूर, गुहागरजवळच्या पालशेत गावी गेले. सॅम कुकची कथा पुरुषाच्या निवडीची कथा आहे. या स्त्रियांपुढे निवड अशी कितपत होती?

एकाच मंगेशीच्या देवळातून निघालेल्या दोन वाटा शेजारी ठेवल्या तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दीनानाथ (१९००–१९४२) यांचे वडील तेथील पुजारी, अभिषेकाचे मानकरी. आई येसूबाई कलावंत समाजातल्या. दीनानाथांनी वडिलांचे आडनाव लावले नाही. गावदेवाच्या नावावरून ते मंगेशकर झाले. १९१८ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'बलवंत संगीत मंडळी' काढली आणि नाट्यसंगीताला एक तेजस्वी, आक्रमक गळा मिळाला. जितेंद्र अभिषेकी (१९२९–१९९८) याच गावचे. वडील बाळूबुवा कीर्तनकार, आणि अभिषेकाचा मान आडनावातच. तेही मुंबईला गेले, आकाशवाणीवर काम केले, आणि 'मत्स्यगंधा' (१९६४), 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) या नाटकांच्या संगीतातून त्यांनी मराठी नाट्यपद आटोपशीर आणि भावानुकूल केले. रात्रभर चालणाऱ्या वन्समोअरच्या सवयीला त्यांनी लगाम घातला. कीर्तनकाराचा मुलगा रंगभूमीवर गेला म्हणून कोणी नाक मुरडले नाही. ज्याच्या घराला गाभाऱ्यात जाण्याचा मान आहे त्याचे बाहेर जाणे 'कलेची सेवा' ठरते. ज्यांना सभामंडपापर्यंतच उभे केले जाते त्यांचे बाहेर जाणे वेगळ्या शब्दांत सांगितले जाते. शब्दांचा हा भेद संगीताचा नाही.

अभिषेकींना तो जाणवत होता की नाही, हे त्यांच्या बोलण्यावरून ठरवण्यापेक्षा त्यांच्या गाण्यावरून ताडणे बरे. चोखामेळ्याच्या नावावर असलेला एक अभंग त्यांनी असा गायिला की तो महाराष्ट्राच्या कानात कायमचा राहिला. बाहेर अबीर-गुलाल उधळला जातो आहे, रंग चढतो आहे, आणि गाणारा मात्र म्हणतो आहे की जातीमुळे त्याला उंबरठ्याला शिवता येत नाही. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. ते दार अस्पृश्यांना उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. गाभाऱ्याचा मान असलेल्या घराण्यातला माणूस उंबरठ्याबाहेरच्या माणसाचे शब्द गातो, तेव्हाही संबोधन आणि चाल यांची अदलाबदल झालेलीच असते. शब्द एकाचे, चालण्याची ढब दुसऱ्याची. ही उसनवारी मात्र कोणाला खटकत नाही, आणि का खटकत नाही हे डबलबारीला नावे ठेवणाऱ्याने स्वतःला विचारायला हरकत नाही.

तो अभंग आता सिंधुदुर्गातली भजनमंडळेही गातात, अभिषेकींच्याच चालीवर, थोड्या ठसकेबाज पखवाजावर. बारीत तो येतो तेव्हा मागच्या रांगेतले, तोवर गप्पा मारणारे लोकही ओळ झेलू लागतात, आणि कोरस आणि श्रोता वेगळे ओळखू येत नाहीत. मग गौळण होते. मग गजर, आणि त्याची चाल नुकत्याच लागलेल्या एखाद्या सिनेमाची असते.